मेक्सिकन सिनेमातली बंद घरं : स्वभाव की बाहेरून घातलेली कडी?

(हा एका चर्चेचा धागा आहे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

गेले दोन महिने आम्ही सहा-सात जण दर रविवारी एक मेक्सिकन सिनेमा बघतोय. यादी कुणी आखलेली नाही, ज्याला जे मिळेल ते तो घेऊन येतो. पाचव्या रविवारी चहा पिताना एकजण म्हणाला, "आपण अजून एकदाही घराबाहेर पडलो नाही." खरंच होतं ते.

लुईस बुन्युएलचा 'संहारक देवदूत' (१९६२) घ्या. ऑपेरा पाहून आलेली बडी मंडळी एका हवेलीत जेवतात आणि मग दिवाणखान्यातून त्यांना बाहेरच पडता येत नाही. दाराला कुलूप नाही, पहारा नाही, तरी पाय उचलत नाही. तहान लागली की भिंत फोडून नळाचा पाइप गाठायचा, भूक लागली की घरात शिरलेल्या मेंढ्या मारून खायच्या. आर्तुरो रिपस्टाइनच्या 'पावित्र्याचा किल्ला' (१९७३) मध्ये एक बाप बायकोला आणि तीन मुलांना वर्षानुवर्षं घरात कोंडतो आणि त्यांच्याकडून उंदराचं विष बनवून घेतो. मुलांची नावं काय, तर भविष्य, स्वप्नलोक आणि संकल्प. हे प्रकरण १९५०च्या दशकात मेक्सिको शहरात खरोखर घडलेलं. फेलिपे कासाल्सचा 'एल आपान्दो' (१९७६) थेट तुरुंगातल्या शिक्षाकोठडीत नेतो. आणि होर्हे फोन्सचा 'लाल पहाट' (१९९०) म्हणजे २ ऑक्टोबर १९६८चा एक दिवस, मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को वसाहतीतल्या एकाच फ्लॅटमध्ये. खाली चौकात लष्कर विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडतंय. तो चौक आपल्याला एकदाही दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

हे असं का, याचं तयार उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं ते मेक्सिकन कवी ऑक्ताव्हियो पाझच्या 'एकांताचा चक्रव्यूह' (१९५०) मधून उचललेलं असतं. मेक्सिकन माणूस स्वतःला मिटून घेतो, चेहरा म्हणजे मुखवटा आणि हसू म्हणजेही मुखवटाच. म्हणून त्यांचा सिनेमाही मिटलेला.

मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं साधं आहे : प्रत्येक सिनेमात किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघा. 'पावित्र्याचा किल्ला'मध्ये ती बापाच्या हातात आहे. कोंडलेल्यांना मांस वर्ज्य आणि स्वतः मात्र बाहेर जाऊन मांस खातो. 'लाल पहाट'मध्ये दार सरकारची माणसं फोडतात. 'आपान्दो'त तर किल्ल्यांचा जुडगाच आहे. १९२९ ते २००० अशी ७१ वर्षं एकाच पक्षाची सत्ता राहिलेल्या देशातले हे सिनेमे आहेत. ज्याला आपण 'राष्ट्रीय स्वभाव' म्हणतोय ती कडी बाहेरून घातलेली आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. लुईस एचेव्हेर्रिया १९६८ला गृहमंत्री होता. १९७०ला राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यानं 'लोकशाहीची दारं उघडतो' असं जाहीर केलं आणि सिनेमाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी बँकेवर सख्ख्या भावाला बसवलं. त्याच सरकारी पैशातून काय आलं? रिपस्टाइनचं कोंडलेलं घर. आणि १९७६ या एका वर्षात कासाल्सचे तीन सिनेमे : एकात तुरुंग, एकात बायकांना डांबून ठेवलेला कुंटणखाना, एकात जमावानं वेढलेलं घर. दारं उघडायला दिलेल्या पैशातून दिग्दर्शकांनी बंद खोल्या उभ्या केल्या. त्यांना जे दिसत होतं तेच त्यांनी दाखवलं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना प्रोजेक्टर

कळकळीनं लिहिलंय तुम्ही, पण मी असहमत आहे.

पहिली गोष्ट, बुन्युएल जन्मानं स्पॅनिश. मेक्सिकोचं नागरिकत्व त्यानं १९४९ला घेतलं हे मान्य. पण 'संहारक देवदूत' मेक्सिकोत करावा लागल्याची खंत त्यानं आठवणींमध्ये लिहून ठेवलीय. तो त्याच्या मनात पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये घडत होता. ज्या दिग्दर्शकाला ती माणसं पुरेशी युरोपियन दिसत नाहीत म्हणून हळहळ वाटली, त्याच्या दिवाणखान्यात तुम्ही मेक्सिको शोधताय.

दुसरी गोष्ट पैशाची. मी तरुणपणी हौशी नाटकं केलीत, एका अंकात एकच खोली का असते हे मला ठाऊक आहे. नेपथ्याला पैसे नसतात! 'लाल पहाट' एका फ्लॅटमध्ये घडतो कारण हजारो माणसं, रणगाडे आणि तो चौक उभा करण्याची ऐपत आणि परवानगी यातलं काहीच निर्मात्यांकडे नव्हतं. अडचणीतून जन्मलेल्या गोष्टीला तुम्ही राष्ट्राचं रूपक म्हणताय.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेक्सिकन सिनेमानं 'आम्ही कोण' हे जगाला सांगितलं ते बंद खोलीतून सांगितलंच नाही. ते सांगितलं आभाळाखाली. १९३६चा 'तिकडे मोठ्या मळ्यावर' आठवा, घोडे, गाणी, रुंद टोप्या. मग एमिलिओ फर्नांदेस दिग्दर्शक आणि गाब्रिएल फिगेरोआ छायाचित्रकार ही जोडी आली. 'मारिया कांदेलारिया'तलं सोचिमिल्कोचं पाणी, सरळ उभी झाडं, होड्या, आणि वर ते ढग. १९४६ला कान महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला. फिगेरोआ लाल फिल्टर लावून आभाळ काळवंडायचा आणि ढग पांढरेशुभ्र करायचा. जगाच्या मनातला मेक्सिको त्या ढगांनी घडवलाय. तुमच्या पाच रविवारांत यातलं एकही आलं नाही, म्हणून तुम्हाला सगळीकडे भिंती दिसल्या.

उंबरठा

फिगेरोआचा मुद्दा मला लागला. ते सिनेमे आम्ही पाहिलेले नाहीत, हे खरं आहे.

पण एक सांगा, 'संहारक देवदूत'चं छायाचित्रण कुणाचं? फिगेरोआचंच ना? ज्या माणसानं देशाला ते आभाळ दिलं तोच १९६२ला कॅमेरा घेऊन एका दिवाणखान्यात बसलाय. ढग नाहीत, क्षितिज नाही. मला तर हाच सगळा इतिहास एका माणसाच्या हातून घडलेला वाटतो.

आणि परवानगीबद्दल, काका, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तो चौक चित्रित करायची परवानगी का मिळत नव्हती? घटनेला २० वर्षं उलटली होती. सिनेमा गुपचूप करावा लागला, मग मंजुरीसाठी अडकला, काही दृश्यं कापल्यावर सुटला. आजोबा मेक्सिकन क्रांतीतले जुने सैनिक, वडील सरकारी नोकर, दोन मुलगे कॉलेजात, एक मुलगी आणि धाकटा शाळेत. वीज जाते, फोन बंद पडतो. धाकटा पलंगाखाली लपतो म्हणून वाचतो आणि शेवटी एकटाच जिना उतरतो. खोली स्वस्त पडते म्हणून ती निवडली असेल. पण ती एवढी खरी वाटते, कारण चौकात काय झालं हे त्या देशातल्या माणसांना कितीतरी वर्षं असंच कळत होतं, भिंतीपलीकडून, कानावर आलेलं.

सातवा मजला

पाझच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं.

उंबरठा, तुम्ही १९५०च्या पुस्तकातला एक परिच्छेद घेऊन अख्खा पाझ निकालात काढलाय. पाझ १९६२ ते १९६८ आपल्याच दिल्लीत राजदूत होता. त्लातेलोल्कोची बातमी त्याला तिथे कळली आणि त्यानं पद सोडलं. मग १९७०ला 'चक्रव्यूहा'ला पुरवणी म्हणून 'ताजा कलम' लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की मेक्सिकन असणं हे सत्त्व नाही, तो इतिहास आहे. म्हणजे 'स्वभाव'वाला अर्थ त्यानं स्वतःच खोडलाय. पुढे तो अझ्टेक पिरॅमिडपासून राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत एक सलग रेघ ओढतो. तो चौकही तसाच आहे : खाली अझ्टेक अवशेष, बाजूला स्पॅनिश काळातलं चर्च आणि भोवती १९६४ला खुल्या झालेल्या आधुनिक इमारती. 'तीन संस्कृतींचा चौक' हे त्याचं अधिकृत नाव. पाझला तिथे पुन्हा बळी दिलेले दिसले. तुमची 'किल्ली कुणाकडे' ही मांडणी पाझच्या विरोधात नाही, त्याच्याच मागून येते. रिपस्टाइनच्या सिनेमाचं नावसुद्धा पाझच्या १९६८च्या निबंधातलं आहे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या चार उदाहरणांतल्या सर्वांत थोर सिनेमात किल्लीच नाही. 'संहारक देवदूत'मध्ये कुणीही कुणाला कोंडलेलं नाही. दार सताड उघडं आहे. आणि बाहेरची माणसंही आत येऊ शकत नाहीत, पोलीस, गर्दी, कुणीच नाही. 'किल्ल्या'चा शेवट आठवा. बापाला पोलीस नेतात, दार उघडतं, आणि आई मुलांना घेऊन परत कुठे येते? त्याच घरात. रिपस्टाइन तिथे थांबतो. कडी बाहेरून घातली होती म्हणालात, ठीक. मग कडी निघाल्यावर ही माणसं बाहेर का जात नाहीत? याचं उत्तर तुमच्या मांडणीत नाही. पाझकडे आहे.

उंबरठा

पुरवणीबद्दल मला माहीत नव्हतं. मान्य करते.

पण 'पाझकडे उत्तर आहे' हे इतक्यात सोडणार नाही. मेक्सिकोतच रोजेर बार्त्रानं १९८७ला 'खिन्नतेचा पिंजरा' लिहिलं. त्यात तो आहोलोत्ल नावाचा प्राणी घेतो. मेक्सिको शहराजवळच्या तळ्यांतला हा जीव पूर्ण वाढ न होताच, बाल्यावस्थेतच आयुष्य काढतो, त्याच अवस्थेत पिल्लंही जन्माला घालतो. बार्त्रा म्हणतो की एकाकी, खिन्न, मुखवटा घातलेला मेक्सिकन माणूस ही विचारवंतांनी आणि सत्तेनं मिळून रचलेली कथा आहे, आणि तो पिंजरा सत्तेला सोयीचा आहे. 'आपण असेच' असं माणसाला एकदा पटलं की त्याच्यावर राज्य करणं सोपं जातं.

त्या आईचं म्हणाल तर, १८ वर्षं बाहेर पाऊल न टाकलेली बाई, ना पैसा ना ओळख, कुठे जाणार होती? त्यात मेक्सिकन काय आहे?

सातवा मजला

त्यात मेक्सिकन काही नसेल, तर तुमचे ७१ वर्षांचे पक्ष आणि राष्ट्राध्यक्षही त्या घरातून बाहेर काढा. बाप हे राष्ट्राचं रूपक, पण आई मात्र फक्त आई, असं कसं चालेल?

कोरडवाहू

तुम्ही सगळे सिनेमावाले आहात, मी वाचणारा. आणि शेती करणारा. भिंतींवरून एवढं चाललंय म्हणून लिहितो.

हुआन रुल्फोच्या 'जळतं माळरान' (१९५३) या संग्रहात एक गोष्ट आहे, 'आम्हाला जमीन दिलीय'. चार माणसं सकाळपासून माळ तुडवतायत. निघाली तेव्हा वीसच्या वर होती, आता चार उरलीत. क्रांतीनंतर सरकारनं त्यांना जमीन वाटलीय ती ही. झाड नाही, पाणी नाही, कातळासारखी माती. त्यांचे घोडे आणि बंदुका आधीच काढून घेतल्यात. दुपारी आभाळातून पावसाचा एक थेंब पडतो, मातीला भोक पाडतो, थुंकीसारखा डाग उमटतो आणि दुसरा थेंब येतच नाही. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलेलं असतं, साहेब, नदीकाठची काळी जमीन का नाही? तो म्हणतो, काय ते लेखी द्या. आणि भांडायचं तर जमीनदाराशी भांडा, सरकारशी नको, सरकार तर तुम्हाला जमीन देतंय. एकाच्या कोटाखाली एक कोंबडी आहे. घरी तिला दाणे घालणारं कुणी उरलं नाही म्हणून बरोबर घेतलीय.

या गोष्टीत एक भिंत नाही. चारही बाजूंना क्षितिज. आणि माझ्या वाचनात याच्याइतकं कोंडलेलं मी काही पाहिलं नाही. दुष्काळात बांधावर उभा राहिलेला कुणीही सांगेल, उघड्यावर श्वास कसा अडकतो ते.

जुना प्रोजेक्टर, तुमच्या फिगेरोआच्या ढगांतून पाऊस पडत नाही. तो देखणा माळ शहरातल्या प्रेक्षकासाठी होता. रुल्फोनं तोच माळ आतून दाखवला. 'पेद्रो पारामो' (१९५५) मध्येही तेच. कोमाला हे गाव, उकाड्यानं भाजणारं, आणि बोलणारी सगळी माणसं मेलेली. मधेच कळतं की गोष्ट सांगणारा हुआन प्रेसियादोही थडग्यात आहे, एका म्हातारीसोबत एकाच खड्ड्यात, आणि शेजारच्या थडग्यांतली कुजबुज ऐकतोय. हे का झालं? एका जमीनदारानं सूड म्हणून हाताची घडी घातली आणि गावाला उपाशी मरू दिलं. किल्लीसुद्धा लागली नाही, नुसती हाताची घडी.

एक आपल्याकडचं सांगतो, कारण इथे ते खरंच जोडलेलं आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले. इंग्रजांनी मायदेश बंद केल्यावर मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. ते विद्यालय एका जुन्या जमीनदारी वाड्यात बसवलेलं. तिथल्या चॅपलमध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत, सुपीक, मोकळी झालेली, आईसारखी धरणी. क्रांतीनं दिलेल्या वचनाचं ते चित्र. ही गोष्ट ज्यात आहे तो रुल्फोचा संग्रह त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आला. मी ती वाचतो तेव्हा मला भिंतीवरची ती सुपीक धरणी आठवते आणि शेजारी तो एक थेंब. 'राष्ट्र म्हणजे काय' हा वाद मला तिथे दिसतो, दिवाणखान्यात नाही.

जुना प्रोजेक्टर

कोरडवाहू, थेंबाबद्दल वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. फिगेरोआवर तुम्ही थोडे अन्याय करताय असं वाटतं, पण आत्ता वाद घालवत नाही.

माजघर

मी सगळं वाचलं. तुम्ही कितीतरी भिंती मोजल्यात, पण त्या घरांत राबणारी माणसं कुणाच्याच हिशेबात आलेली नाहीत.

'संहारक देवदूत' जेवणापासून सुरू होत नाही, नोकरांपासून सुरू होतो. पाहुणे यायच्या आधीच नोकर-चाकर एकेक करून काहीतरी कारण काढून हवेलीतून निघून जातात. मालकीण रागावते तरी जातात. मागे राहतो तो फक्त मुख्य कारभारी. जे अडकले ते मालक. जे वेळेवर बाहेर पडले ते नोकर. त्यांना कुठली अदृश्य रेषा अडवत नाही! म्हणजे 'मेक्सिकन माणूस घरात अडकलाय' हे विधान पहिल्या दहा मिनिटांतच खोटं ठरतं. कुठला मेक्सिकन माणूस?

आता आल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' (२०१८) घ्या. तिथे नेमकं उलटं आहे. क्लिओ घरातली कामवाली, मिश्तेक ही मूलनिवासींची भाषा बोलणारी. दिवसभर ती आख्ख्या घरात फिरते, सगळी दारं तिला उघडी, सगळे दिवे तीच मालवते. आणि रात्री लोखंडी जिना चढून वरच्या खोलीत जाते, तिथे मैत्रिणीसोबत मेणबत्तीच्या उजेडात व्यायाम करते, कारण दिवा लावला तर घरातल्या आजीबाई विजेवरून बोलतील. माझी आई ज्या घरी पोळ्या करायला जायची तिथे तिला स्वयंपाकघर सगळं मोकळं होतं, पण बसायला पाटही नव्हता. त्यामुळे ती मेणबत्ती मला लगेच कळली. अंगणात मालकाची लांबलचक गाडी इंच-इंच करत आत घेतात, दोन्ही बाजूंना बोटभर जागा. मालकाला ते घर अरुंद पडतं, तो सोडून जातो. क्लिओला सोडून जायची सोय नाही. त्यांची कोंडी आणि हिची कोंडी एकाच शब्दात बसत नाही.

आणि बायकांनी लिहिलेलं कुणीच का आणलं नाही? आम्पारो दाव्हिलाची 'पाहुणा' ही १९५९च्या संग्रहातली कथा आहे. नवरा एक पाहुणा घरी आणतो. तो माणूस आहे की जनावर, लेखिका सांगत नाही. पिवळे डोळे, न मिटणारे. बाई घाबरून मुलांना घेऊन आतल्या खोलीत राहते. नवऱ्याला सांगून उपयोग नसतो, तो म्हणतो पाहुणा निरुपद्रवी आहे. मग नवरा काही दिवस परगावी जातो, तेव्हा बाई आणि तिची मोलकरीण ग्वादालुपे दोघी मिळून पाहुण्याच्या दाराला बाहेरून फळ्या ठोकतात. तो आतच मरतो. नवरा परत आल्यावर त्याला अचानक मृत्यूची बातमी सांगतात. उंबरठा, इथे कडी बाहेरूनच घातलीय, आणि ती घालणाऱ्या दोघी कोंडलेल्याच होत्या.

एलेना गार्रोची 'भविष्याच्या आठवणी' (१९६३) तर या धाग्यात पहिल्यांदा यायला हवी होती. पाझबद्दल एवढं बोललात, त्याच्याशी वीसेक वर्षं संसार केलेली ही लेखिका. तिच्या कादंबरीत इश्तेपेक हे गावच 'मी' म्हणून बोलतं. गावावर जनरल रोसासचं लष्कर बसलंय. अधिकाऱ्यांनी आपल्या बायका हॉटेलात ठेवल्यात, जनरलची हुलिया त्यांतलीच एक. मग एका रात्री काळ थांबतो. गावात काळोख गोठलेला, आणि गावाबाहेर उजाडलेलं. त्या थांबलेल्या रात्रीत हुलिया प्रियकरासोबत निसटते. भिंत न फोडता, किल्ली न चोरता. असं सुटणं तुमच्या कुठल्या सिनेमात आहे?

सातवा मजला

नोकरांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. सिनेमा तीनदा पाहूनही. मात्र एक म्हणतो : नोकर बाहेर गेले तरी हवेलीच्या दाराशी काय चाललंय हे पाहायला लोक परत जमतात. ते आत जाऊ शकत नाहीत, आणि सोडूनही जात नाहीत. ती रेषा मालकांपुरती नाही.

जुना प्रोजेक्टर

मी पुन्हा जरा थंड पाणी ओततो, राग मानू नका.

फेर्नान्दो एम्बकेचा 'बदकांचा मोसम' (२००४) पाहिलात? तोही त्लातेलोल्कोमध्ये. तोही एका फ्लॅटमध्ये, तोही एकाच दिवसात, आणि तिथेही वीज जाते. 'लाल पहाट'ची सगळी सामग्री हजर. पण होतं काय? चौदा वर्षांची दोन पोरं रविवारी घरी एकटी आहेत, व्हिडिओ गेम बंद पडतो, पिझ्झावाला उशिरा येतो म्हणून पैसे द्यायचे नाहीत यावर भांडण होतं, शेजारची मुलगी केक करायला येते. एका मुलाच्या आईबापांचा घटस्फोट होतोय. एवढंच. खोली कृष्णधवल आहे आणि बंद आहे, पण तिच्यात राष्ट्र नाही, कंटाळा आहे. मला तो सिनेमा फार आवडतो, कारण तो त्या इमारतींना पुन्हा नुसतं घर होऊ देतो. प्रत्येक मेक्सिकन खोलीवर तुम्ही १९६८ लादलं, तर त्या पोरांना त्यांचा रविवार कधी मिळायचा?

रोद्रिगो प्लाचा 'ला सोना' (२००७) घ्या. वादळात जाहिरातीचा फलक कुंपणावर कोसळतो, श्रीमंतांच्या बंदिस्त वसाहतीत तीन पोरं शिरतात, एक आत अडकतो आणि रहिवासीच त्याची शिकार करतात. उत्कृष्ट आहे. पण कुंपण, कॅमेरे, खासगी पहारा हे आज कुठल्या मोठ्या शहरात नाही? हा सिनेमा पैशाबद्दल आहे, मेक्सिकोबद्दल नाही.

कोरडवाहू

'ला सोना'बद्दल सहमत नाही. भिंत सगळीकडे असेल, पण त्या सिनेमात पोलिसावरचा अविश्वास किती खोल आहे ते बघा. आतल्यांना पोलीस नकोत आणि बाहेरच्यांनाही त्यांच्याकडून न्यायाची आशा नाही. ते तिथलं आहे.

आणि किल्लीवाल्या मांडणीबद्दल अजून एक. कासाल्सच्या तीन सिनेमांतला 'कानोआ' मी पाहिलाय. १४ सप्टेंबर १९६८, पुएब्लाच्या विद्यापीठातले पाच कर्मचारी डोंगर चढायला निघाले, पावसामुळे सान मिगेल कानोआ या गावात रात्रीपुरते थांबले. गावचा पाद्री कम्युनिस्टांबद्दल विष पेरून बसलेला. गावकऱ्यांनी ते घर फोडलं, माणसं मारली, ज्यानं आसरा दिला त्यालाही मारलं. दार फोडणारे हात शेतकऱ्यांचे होते. माझ्यासारख्यांचे. उंबरठा, तुम्ही सगळं सरकारवर टाकून मोकळ्या होऊ नका.

उंबरठा

कालपासून यावर विचार करतेय.

'कानोआ'पुढे आणि 'पाहुण्या'पुढे माझी मांडणी अपुरी पडते हे मला दिसतंय. किल्ली एकाच हातात असते असं मी धरून चालले होते. आणि नोकर निघून जातात ते दृश्य मी विनोदी म्हणून पाहिलं होतं, याची खंत वाटते.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे, आणि ती होसे रेव्हुएल्तासमुळे. 'एल आपान्दो' ही मूळ लघुकादंबरी त्यानं १९६९ला लेकुम्बेर्री तुरुंगातच लिहिली. १९६८च्या आंदोलनासाठी त्याला आत टाकलं होतं. आयुष्यातला तो पहिला तुरुंग नव्हे, विशीत यायच्या सुमारास तो पॅसिफिकमधल्या मारियास बेटांवरच्या वसाहतीत कैदी होता. या पुस्तकात परिच्छेदच नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग मजकूर. वाचताना मान वर काढायला जागा मिळत नाही. शिक्षाकोठडीच्या लोखंडी दाराला एक झडप आहे. त्यातून एका वेळी एकच डोकं बाहेर काढता येतं, तेही आडवं, गाल लोखंडावर टेकवून, एकाच डोळ्यानं बघत. रेव्हुएल्तास त्याला तबकातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या मुंडक्याची उपमा देतो. आणि पहिल्याच ओळीत तो पहारेकऱ्यांना माकडं म्हणतो आणि सांगतो की तीही तिथे कैदच आहेत. ती पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतायत, घरी गेली तरी पिंजरा सुटत नाही. म्हणजे तुम्ही सगळे मला जे सांगताय ते त्यानं मला न विचारताच सांगून ठेवलंय. किल्ली असलेला माणूसही आतच आहे. पण म्हणून तो तुरुंग कुणी बांधला हा प्रश्न तो सोडत नाही.

बांधला हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीनं, १९००ला खुला केला. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी. १९७६ला तो बंद झाला. १९८२पासून त्या इमारतीत मेक्सिकोचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. देशाची कागदपत्रं त्या बराकींमध्ये ठेवलीत. ज्या गुप्तचर खात्यानं विद्यार्थ्यांवर पाळत ठेवली त्याच्या फायलीही २००२ला तिथेच आल्या.

जुना प्रोजेक्टर

हे मात्र मला माहीत नव्हतं. मग त्या तुरुंगात राहिलेला माणूस आज स्वतःबद्दलची फाइल मागायला त्याच दारातून आत जातो म्हणायचं?

उंबरठा

हो. त्याच दारातून.

माजघर

पुढच्या रविवारी 'मारिया कांदेलारिया' लावा. प्रोजेक्टरकाकांचे ढग बघूया. तिच्यावरसुद्धा शेवटी गावच दगड घेऊन धावून येतं, आणि तेही उघड्या आभाळाखाली. त्यानंतर बोलू.